लेखनपेटीचे कातडे

जुन्या विलायती चामडी लेखनपेट्या जमविण्याचा छंद अलीकडे आपल्या सुशिक्षित मंडळींत बराच पसरला आहे. मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात, क्वचित एखाद्या मोडकळीस आलेल्या वाड्याच्या माळ्यावर या पेट्या सापडतात. त्यांच्यावरची धूळ झाडली जाते, कातड्यास मेण चोळले जाते, पितळेच्या कड्या घासून लखलखीत केल्या जातात, आणि मग त्या आल्यागेल्यास कौतुकाने दाखविण्यात येतात. छंद निरुपद्रवी आहे, व निरुपद्रवी छंदावर टीकाकाराने लेखणी परजावी असे आमचे मत नाही. तथापि ज्या वस्तूची स्तुती एवढ्या चढ्या सुरात चालली आहे, तिची नीट परीक्षा कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. लेखनपेटी हे लेखनाचे उपकरण आहे. तिचा विचार साहित्याच्या मासिकाने करावयाचा नाही तर सराफाने करावयाचा काय?

ज्यांच्या घरी अशी पेटी नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. या पेट्यांच्या ढोबळ जाती दोन. एक जात लाकडाची, उघडली म्हणजे उतरते मेज होणारी. तिच्या उतारावर कातडे किंवा मखमल डकविलेली, आणि वरच्या अंगास दौत, टाक व चाकू यांचे खण. दुसरी जात निव्वळ चामड्याची, पुस्तकासारखी मिटणारी; तिच्या एका पाखीस टीपकागद, दुसरीस कोऱ्या कागदांचा व लखोट्यांचा कप्पा, तिकिटांसाठी एक इवलासा खिसा, आणि मधल्या घडीवर टाक अडकविण्यास कातड्याच्या कड्या. पहिली जात एकोणिसाव्या शतकातील प्रवासी साहेबाची. दुसरी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील, आगगाडीच्या डब्यात मांडीवर ठेवून पत्र लिहिणाऱ्याची. दोहोंमध्ये दुसरीच आम्हांस सरस वाटते. पहिलीत सुताराचे कौशल्य पुष्कळ, पण तिला बैठक लागते, मेज लागते, पुष्कळदा उचलून नेण्यास नोकरही लागतो. दुसरीत रिकामा असा भाग नाही. शिवणाऱ्याने प्रत्येक वस्तूस तिच्या मापाची जागा दिली आहे, आणि जी वस्तू त्या जागेत मावत नाही ती पत्र लिहिण्यास लागत नाही, असा त्याचा निकाल आहे. हा निकाल बहुतेक वेळी बरोबर असतो. मोठमोठ्या ग्रंथकारांसही आपल्या प्रकरणांची अशी बांधणी साधत नाही.

एवढी स्तुती झाल्यावर एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. ती अशी की, आपल्या जुन्या लेखनव्यवहारात चामडे जवळजवळ कोठेच नाही. पेशवाईतील कारकुनाची बैठक डोळ्यांपुढे आणावी. कागद जुन्नरी किंवा दौलताबादी, लेखणी बोरूची, शाई काजळाची आणि बाभळीच्या डिंकाची, ओली अक्षरे सुकविण्यास वाळू, कलमदान लाकडी किंवा पितळी. आणि लिहून झालेले कागद बांधावयाचे ते कापडी रुमालात. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत ते याच अर्थाने. पोथी असेल तर वरखाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. म्हणजे कागद, लाकूड, धातू, वेत, कापूस सर्व काही चालले. कातडे तेवढे चालले नाही. ज्या घरात तेलातुपाचे चामडी बुधले विनातक्रार येत, ज्यांच्या बागायतीस चामड्याच्या मोटेचे पाणी लागे आणि ज्यांच्या देवापुढे कातडे मढविलेला मृदंग वाजे, त्या घरात सरस्वतीच्या उपकरणांस मात्र कातड्याचा विटाळ होई! विजापूर-गोवळकोंड्याच्या दरबारांत चामडी बांधणीचे देखणे ग्रंथ होते, ते आमच्या चिटणीस-फडणिसांनी पाहिले नसतील असे नाही. पण त्या बांधणीची त्यांस हाव सुटली नाही.

तेव्हा इंग्रजी अमलात एखाद्या वकिलाने किंवा मामलेदाराने चामडी लेखनपेटी घरात आणली, तर ती केवळ नवी वस्तू नव्हती. देवघरापासून चार हातांवर, सोवळ्याओवळ्याच्या सीमेवर कोठेतरी तिला जागा द्यावी लागली असणार. या घटनेचे वर्णन आपल्या कादंबरीकारांनी केले असते तर आम्हांस बरे वाटले असते. शेंडी, पगडी, चहा आणि बूट यांवर आमच्या वाङ्मयात पुष्कळ शाई सांडली. पण ज्या पेटीतून ती शाई आली तिच्याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरापासून वेगळा झाला आणि वर्धा शहर १८६६ साली वसविले गेले. आगगाडी आली, हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरच्या बाजारांत गेले, कचेऱ्या व कोर्टे उभी राहिली, आणि या सर्वांबरोबर पत्रव्यवहार वाढला. अशा जिल्ह्यात एखाद्या अडत्याच्या किंवा वकिलाच्या जुन्या घरी विलायती पेटी निघाली तर त्यात नवल नाही. परंतु वर्ध्याच्या निमित्ताने लेखनसाहित्याचा विचार करावयाचा तर अडत्याचा माळा सोडून सेवाग्रामची वाट धरावी लागते.

गांधीजी १९३४ साली जमनालाल बजाजांच्या आग्रहाने वर्ध्यास आले, १९३६ च्या एप्रिलअखेर शेगावास राहावयास गेले, आणि त्याच शेगावाचे १९४० साली सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी ज्यांनी पाहिली आहे त्यांस मातीच्या भिंती, जमिनीवरची बैठक आणि पुढ्यातले बुटके मेज आठवत असेल. ज्या पुरुषाचे समग्र लेखन छापावयास शंभर खंड लागले, त्याच्या लेखनसाहित्याचा संसार एवढाच. आलेल्या लखोट्यांची उलटी बाजू आणि एका अंगाने कोरे राहिलेले कागद ते लिहिण्यास वापरीत. पेन्सिलीच्या एका तुकड्याची गोष्ट काका कालेलकरांनी सांगितली आहे, ती प्रसिद्ध आहे. १९१५ सालच्या मुंबईच्या काँग्रेसच्या वेळी दोन इंचांहून कमी उरलेला एक तुकडा हरवला, तेव्हा दुसरी चांगली पेन्सिल पुढे केली असताही महात्माजींनी ती घेतली नाही. कारण तो तुकडा मद्रासेस नटेसनांच्या लहान मुलाने प्रेमाने दिलेला होता. शेवटी तो सापडला तेव्हाच त्यांस चैन पडले.

या गोष्टीचा उपयोग काटकसरीचा धडा म्हणून करण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस तीत काटकसर दिसत नाही. नवी पेन्सिल हाताशी असताना जुन्या तुकड्यासाठी वेळ दवडणे यास हिशेबी मनुष्य काटकसर म्हणणार नाही. येथे वस्तूची किंमत देणाऱ्यामुळे ठरली आहे, आणि हीच गोष्ट खरा संग्राहकही मानतो. फरक असा की, संग्राहक ती वस्तू काचेआड ठेवतो, आणि महात्माजी ती झिजवून संपविणार होते.

तरीही सेवाग्रामच्या त्या मेजाविषयी एक शंका आमच्या मनात राहते, ती बोलून टाकतो. गांधीजींस लेखनपेटीची गरज पडली नाही, याचे अर्धे कारण साधेपणा असेल. उरलेले अर्धे कारण महादेवभाई होते. १९३६-३७ च्या सुमारास मगनवाडीहून शेगावास आणि शेगावाहून मगनवाडीस, जाऊनयेऊन सुमारे ११ मैल, वर्ध्याच्या उन्हात महादेवभाई देसाई पायी ये-जा करीत. वर्ध्याचे ऊन ज्यास ठाऊक आहे त्यास या वाक्याचा अर्थ निराळा सांगावयास नको. पत्रे, टिपणे, 'हरिजन'चा मजकूर यांची व्यवस्था त्यांच्या आणि प्यारेलालांच्या हाती होती. बुटक्या मेजावर पसारा दिसत नाही, कारण तो दुसऱ्या कोणाच्या तरी काखोटीस आहे. सेवाग्रामचा यात्रेकरू मेजास नमस्कार करून परततो. त्या पायवाटेचे मैल मोजण्याचे त्याच्या मनात येत नाही.

अखिल भारत ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यास स्थापन झाला, आणि जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली मगनवाडीत ज्या उद्योगांस चालना मिळाली त्यांत हातकागदही होता. १९३५ च्या सुमारास गांधीजींनी काही काळ बोरू, गावठी शाई आणि हातकागद यांवर पत्रे लिहिली. परंतु त्याच वर्षी राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी तयार केलेली झरणी कुमारप्पांच्या हस्ते त्यांच्याकडे आली, आणि १६ जुलै १९३५ च्या पत्रात त्यांनी तिची पसंती कळविली. एकीकडे बोरू आणि दुसरीकडे झरणी, हा विरोध काही टीकाकारांस खुपेल. आम्हांस तो मनमोकळा वाटतो. ज्यास दिवसाला पन्नास पत्रे लिहावयाची असतील त्याने बोरूच्या टोकाची पूजा करीत बसू नये. त्याच दशकात आपल्या दांडेकरांनी मुंबईस १९३१ साली शाईचा धंदा काढला, तो पुढे 'कॅम्लिन' या नावाने घराघरांत पोचला. आणि १९४० साली पुण्यास के. बी. जोशी यांच्या खटपटीने हातकागदाची संस्था उभी राहिली. कागद, शाई, लेखणी या तिन्ही अंगांनी स्वदेशी लेखनसाहित्याचा संच अशा रीतीने जुळत आला. त्यात उणे राहिले ते कातडे.

तेही फार उणे राहिले नाही. वर्धा शहराला लागूनच नालवाडी आहे. १९३२ च्या अखेरीस विनोबा तेथे राहावयास गेले, आणि पुढे काही वर्षांतच गोपाळराव वाळुंजकरांच्या देखरेखीखाली तेथे चर्मालय चालू झाले. त्याचा नियम एकच: कातडे आपोआप मेलेल्या गुरांचे असावे, कत्तलीचे नसावे. गांधीजींनी १९३४ साली 'हरिजन'मध्ये गावठी चामडे कमावण्यावर लेख लिहिला होता. देशातून दरसाल सुमारे ९ कोटी रुपयांचे कच्चे कातडे बाहेर जाते व त्यातील बरेच तयार मालाच्या रूपाने परत येते, हा अंदाज त्यांनी त्यात पुढे मांडला होता. नालवाडीच्या उद्योगामागे हा हिशेब होता. आश्रमातील सुशिक्षित कार्यकर्ते या कामास बसले, ही त्यातली मोठी गोष्ट.

हे काम कसे असते ते संग्राहकांनी एकदा समजून घ्यावे. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून न्यावयाचे. उशीर झाला तर कातडे नासते, फरफटत नेले तर खरवडते. सोलून झाले की मीठ. मग चुन्याच्या हौदात केस सुटेपर्यंत मुरवण. मग पालथ्या सुरीने केस आणि मांस खरवडणे, चुना धुऊन काढणे. आणि त्यानंतर बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या काढ्यात आठवडेच्या आठवडे बुडवून ठेवणे. आपल्याकडील ढोर लोकांची जुनी पद्धत अशी की, कातड्याचीच पिशवी शिवावी, तीत सालीचा काढा भरावा आणि ती टांगून ठेवावी, म्हणजे काढा आतून बाहेर झिरपत जातो. कारागीर दिवसभर चुन्यात व काढ्यात हात घालून असतो; त्या कामाचा वास अंगावरून जात नाही. लेखनपेटी उघडताना संग्राहक ज्या मधुर चर्मगंधाचे रसभरित वर्णन करतात, त्याचे पूर्वचरित्र हे असे आहे.

आता येथे एक गंभीर प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या समाजास मृत जनावरे ओढण्याचे आणि त्यांचे मांस खाण्याचे सोडून देण्यास सांगितले होते. म्हणजे नालवाडीस चर्मालय उघडले तेव्हा ज्यांच्यावर हे काम शतकानुशतके लादले गेले होते त्यांनी ते टाकण्याचा निश्चय करून काही वर्षे लोटली होती. एक पक्ष म्हणत होता की काम शुद्ध आहे, त्यास प्रतिष्ठा द्या. दुसरा म्हणत होता की ते काम ज्या रीतीने आमच्या गळ्यात बांधले आहे ती रीतच अप्रतिष्ठेची आहे, प्रथम ती गळ्यातून काढा. १९५६ च्या १५ ऑक्टोबरला, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी मृत गुरे टाकल्याने होणाऱ्या आर्थिक नुकसानीच्या युक्तिवादाचा समाचार घेतला. हा फायदा इतका मोठा असेल तर सांगणाऱ्यांनी स्वतःच तो का घेऊ नये, असा त्यांचा सवाल होता. नागपूर ते वर्धा हे अंतर आगगाडीने तासा-दीडतासाचे आहे. पण या दोन विचारांमधले अंतर अजून तुटलेले नाही.

आमचा कौल विचाराल तर या वादात बाबासाहेबांचा प्रश्न अधिक मुळाशी जाणारा आहे. नालवाडीच्या कार्यकर्त्यांनी त्या प्रश्नास कृतीने उत्तर दिले, हे खरे. त्यांनी हे काम दुसऱ्यास सांगितले नाही, स्वतः केले. परंतु गावोगावच्या किती सुशिक्षित घरांतून कातडे कमावणारा दुसरा माणूस निघाला? चर्मालयाच्या चपला पुष्कळांनी कौतुकाने पायात घातल्या. त्याचा चुन्याचा हौद फार थोड्यांनी जवळून पाहिला. आणि कातड्याचे काम करणाऱ्याच्या वाट्यास काय येऊ शकते ते २०१६ च्या जुलैत गुजरातेत ऊना येथे दिसले. मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांस भररस्त्यात मारण्यात आले. तेव्हा चामड्याच्या जुन्या वस्तूंवर लिहिताना ही बाजू वगळून केवळ शिवणीचे आणि झिलईचे गोडवे गाणे, यास आम्ही रसिकता म्हणावयास तयार नाही.

संग्राहकांच्या भाषेविषयीही एक तक्रार आहे. कातड्यावरच्या डागांस, ओरखड्यांस, रंग गेलेल्या कडांस ते 'वस्तूचे व्यक्तिमत्त्व' म्हणतात. यातील काही खुणा वापरणाऱ्याच्या आहेत: अंगठा जेथे नेहमी पडे तेथे काळवंडलेली कड, दौत सांडल्याचा डाग, नावाची पुसट झालेली आद्याक्षरे. या खुणा वाचण्यात खरी गोडी आहे, ती आम्ही नाकारीत नाही. पण आणखी काही खुणा त्याहून जुन्या असतात. गोचिडांच्या चाव्याचे बारीक खड्डे, डागण्याचा वण, काटेरी कुंपणाचा ओरखडा, हे सर्व कातडे अंगावर असतानाचे, म्हणजे जनावराचे आहेत. विलायती कारखानदार असे कातडे बाजूस टाकी किंवा वरून दाबून त्यावर खोटे दाणे उठवी. नालवाडीसारख्या ठिकाणी, म्हाताऱ्या होऊन मेलेल्या कष्टकरी बैलांचे कातडे आले की हे वण असणारच. त्यांस दोष मानावे की चरित्र, हा प्रश्न रसिकांनी स्वतःशी सोडवावा. मात्र जनावराच्या वणास साहेबाच्या प्रवासाची खूण समजून तिच्यावर कविता करू नये.

दुसरा प्रकार याहून उथळ आहे. २००९ साली माँ ब्लां या परदेशी लेखणीवाल्यांनी गांधीजींच्या नावाने सोन्याची झरणी काढली. दांडीच्या २४१ मैलांची आठवण म्हणून २४१ नग, आणि प्रत्येकाची किंमत ११ लाख रुपयांहून अधिक! केरळच्या उच्च न्यायालयात प्रकरण गेले आणि येथील विक्री थांबवावी लागली. दोन इंची पेन्सिलीच्या धन्याचे नाव अशा वस्तूवर घालण्यात जो विनोद आहे, तो तिच्या कर्त्यांस दिसला नसावा. परंतु आपल्याही घरची कथा फारशी उजळ नाही. सेवाग्रामच्या बापूकुटीत काचेआड ठेवलेला गांधीजींचा चष्मा चोरीस गेल्याचे २०११ साली उघडकीस आले. काचेआडची वस्तू सुरक्षित असते हा समज किती पोकळ आहे, ते यावरून दिसावे. हाताळली जाणारी वस्तू नाहीशी झाली तर त्याच दिवशी कळते.

आता ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची एखादी पेटी खरोखरच आहे, किंवा ज्यांस ती घ्यावयाची आहे, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. कातडे ओळखावयाचे ते कापलेल्या कडेवरून. सालीत कमावलेले कातडे आतपर्यंत तपकिरी किंवा पिवळसर असते. क्रोमने कमावलेल्याच्या कडेस पुष्कळदा निळसर राखी झाक दिसते. क्रोमची व्यवहारात उतरलेली पद्धत ऑगस्टस शुल्ट्झने अमेरिकेत १८८४ साली काढली. तेव्हा निळसर कडेची पेटी कोणी त्याआधीची म्हणून विकू लागला तर त्यास नमस्कार करून घरी परतावे. कडेस कापडाचे धागे दिसले तर ते रेक्झिन आहे, आणि कागदाच्या लगद्यासारखा भुगा दिसला तर कातड्याच्या चुऱ्याचा थापलेला पत्रा.

जुन्या पेटीचा खरा शत्रू वाळवी नव्हे. कातड्याचा पृष्ठभाग तांबूस होऊन त्याची पूड बोटास लागू लागते, या रोगाने पेटी जाते. धूर आणि गंधकाचे वायू यांमुळे कातड्यात आम्ल साठते व त्याचे तंतू कुजतात. लंडनच्या कलासंस्थेने ग्रंथबांधणीच्या कातड्याविषयी एक समिती नेमली होती. तिच्या १९०५ च्या अहवालात या रोगाची मोठी चिकित्सा आहे. सर्व साली या बाबतीत सारख्या नाहीत असे त्या चौकशीतून पुढे आले. तरवडासारख्या सालींत कमावलेले कातडे लवकर कुजते. सुमाकाच्या पानांत कमावलेले अधिक टिकते, आणि आपला हिरडाही याच टिकाऊ वर्गातला. यातली गंमत अशी की, मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीत कमावलेली मेंढीची व शेळीची कातडी जहाजे भरून विलायतेस जात, आणि त्यांच्याच पुढे तेथे पाकिटे, पेट्या व पुस्तकांच्या बांधण्या होत. म्हणजे आज चोरबाजारात विलायती म्हणून दाम मोजून घेतलेल्या पेटीचे कातडे मूळचे दिंडिगुलचे किंवा त्रिचनापल्लीचे असण्याचा पुष्कळ संभव आहे. गांधीजींचा ९ कोटींचा हिशेब असा आपल्या मांडीवर येऊन बसतो. आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत गोळा होणारा हिरडा, ज्याकडे आपण औषधापलीकडे पाहत नाही, तोच कातड्याचे आयुष्य वाढविणारा निघतो.

पूड सुटू लागलेल्या कातड्यावर तेल मुळीच घालू नये. खोबरेल, एरंडेल, बैलाच्या खुरांचे तेल, यांपैकी जे हाताशी येईल ते चोपडण्याची आपल्याकडे सवय आहे. तेलाने कातडे क्षणभर तजेलदार दिसते, पण पुढे काळे व चिकट होते, धूळ धरते, आणि पितळेच्या कडीखाली हिरवा गंज चढतो. निरोगी कातड्यास सुके मऊ फडके व वर्षातून एकदा मेणाचा पातळ हात पुरे. रोगट पेटी जाणत्याकडे द्यावी, नाही तर सुती कापडात गुंडाळून स्वस्थ ठेवावी. वर्ध्याकडचा उन्हाळा कातडे तडकवितो आणि पावसाळा त्यावर बुरशी आणतो. तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा ओलीच्या भिंतीशी पेटी ठेवणे म्हणजे तिला दोन्ही ऋतूंच्या स्वाधीन करणे होय. प्लॅस्टिकच्या पिशवीत ती कधीही कोंडू नये.

परंतु पेटीची उत्तम निगा तिच्या वापरात आहे. आठवड्यातून एकदा उघडल्या-मिटल्या जाणाऱ्या कातड्याची घडी लवचिक राहते. वर्षानुवर्षे मिटून ठेवलेली पेटी पहिल्यांदा उघडतानाच घडीवर चिरते. वापर म्हणजे पत्रे लिहिणे, दुसरा नव्हे. आपल्या भाषेत पत्र हा वाङ्मयप्रकार काय करू शकतो ते साने गुरुजींच्या सुधेस लिहिलेल्या पत्रांवरून आणि जी. ए. कुलकर्ण्यांच्या मरणोत्तर छापल्या गेलेल्या पत्रखंडांवरून वाचकांस ठाऊक आहेच. या दोघांजवळ चामडी पेटी होती की नव्हती याने त्या पत्रांत रतीभर फरक पडत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे, नाही तर उत्तम साधन आले की उत्तम लेखन येते अशी कोणाची समजूत व्हावयाची. पेटीचा उपयोग याहून मर्यादित आहे. तीत वीस कागद मावतात. वीस कागद संपले की पुन्हा भरण्याचे कष्ट पडतात, आणि त्या कष्टामुळे लिहिणारा चौथ्या पानावर थांबावयास शिकतो. भ्रमणध्वनीवर ज्यांस थांबणे उरले नाही, त्यांस ही शिस्त करून पाहण्यासारखी आहे. घरातील मुलांस अशी पेटी हाताळू द्यावी. शाईचा एखादा डाग पडला तर पडू द्यावा, पेटीवर असे डाग पूर्वीही पडलेच आहेत.

पेटीत झरणी ठेवावयाची तर टोक वर येईल अशी, आणि पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवावी. अर्धी भरलेली झरणी उन्हाने तापली की आतली हवा फुगते व शाई बाहेर ढकलते, आणि टीपकागदाऐवजी ती कातडे पिऊन टाकते. जुन्या सेल्युलॉइडच्या झरण्या मात्र बंद पेटीत मुळीच कोंडू नयेत. त्या कालांतराने कुजून आम्ल सोडतात आणि कातडे व पितळ दोन्ही खातात. ज्यांस बोरूची हौस असेल त्यांनी काजळ व डिंक यांची शाई घोटावी, लहान बाटलीत भरून बुचाभोवती कापड गुंडाळून पेटीच्या बाहेरच न्यावी, आणि काही झाले तरी ती झरणीत घालू नये. डिंक वाळला की झरणीच्या जिभेखालची नळी बसते, आणि ती कोमट पाण्याने चार दिवस धुतली तरी निघत नाही.